भोंग्याची पट्टी

त्याला सगळे भोंगा म्हणत. तरुणपणी बँडमधल्या दोस्तांनी ठेवलेलं नाव, पण ते असं चिकटलं की पुढे त्याने चष्म्याचं दुकान टाकलं तरी लोक विचारायचे, "भोंग्याचं दुकान कुठे हो?" आवाजच तसा होता ना! माईक बंद पडला तरी शेवटच्या रांगेतला माणूस कान चोळत घरी जायचा. प्रत्येक गाण्याच्या शेवटी तो एक वरचा सूर लावायचा आणि पोरंपोरी खुर्च्यांवर चढायची. त्या एका सुरावर बँडच्या कॅसेटी खपल्या म्हणा ना.

चौघांचा रॉक बँड. गिटारवर मास्तर, कारण तो शाळेत गणित शिकवायचा. ड्रमवर ठोक्या. हा दिवसा गॅरेजात गाड्यांचे पत्रे ठोकायचा आणि संध्याकाळी ड्रम, त्याला दोन्हीत फारसा फरक वाटत नसे. बेस गिटारवर मौनी, ज्याला वर्षभराला चार वाक्यं पुरायची. नवीन गाणं करून जमाना झाला होता. कुणाच्या लग्नात, कुठल्या कारखान्याच्या समारंभात जुनंच दळण दळायचं, एवढंच उरलं होतं. आणि साठी उलटल्यावर या चौघांना लहर आली, की नवा अल्बम काढायचा!

"म्हातारचळ लागलाय, दुसरं काही नाही," भोंग्याची बायको म्हणाली. पण गुळण्यांना गरम पाणी तीच देत होती.

भोंग्याचे केस गेले, गुडघे गेले, दुकानात दुसऱ्यांपेक्षा स्वतःच्याच काचा जास्त वेळा बदलून झाल्या. आवाज मात्र जसाच्या तसा. वरचा सूर दर कार्यक्रमाला लागायचा. त्याचा त्याला काय तोरा! सगळ्यांना बजावून ठेवलेलं, "ज्या दिवशी सूर लागणार नाही, त्या दिवशी मी माईक खाली ठेवणार. कीव करून वाजवलेल्या टाळ्या मला नकोत." आणि तो बोलल्याप्रमाणे करणारा माणूस होता, हीच तर पंचाईत.

स्टुडिओ म्हणजे एका छापखान्यावरची खोली. भिंतींना जाड फोम चिकटवलेला, खालून मशीनची धडधड. एक-एक करत सगळी गाणी झाली, शेवटचं राहिलं. त्या दिवशी कोपऱ्यातल्या चादरीखालून एक जुना पियानो निघाला आणि भोंगा हरखला.

"शेवटच्या गाण्यात हा पाहिजेच!"

"कशाला? डबडं आहे ते," मास्तर घाईघाईने म्हणाला.

"डबडं काय? तुझी पोरगी एवढी पियानो शिकवते लोकांना, तिलाच बसव की."

मास्तरची मुलगी बापाला न्यायला आली होती. तिने पट्ट्यांवरून बोटं फिरवली. "काका, एकदम सुरात आहे हा!"

मास्तरने ठोक्याकडे पाहिलं, ठोक्याने छताकडे पाहिलं. भोंगा हट्टाला पेटलेला. शेवटी मास्तरने दात उपटायला बसल्यासारखं तोंड करून गिटारच्या तारा पियानोशी जुळवल्या, मौनीनेही जुळवल्या.

गाणं सुरू झालं. भोंग्याने जोरात सुरुवात केली. वरचा सूर आला आणि आवाज फाटला, अगदी पहाटेच्या कोंबड्यासारखा. पुन्हा घेतलं, पुन्हा फाटला. तिसऱ्यांदा तर नुसती हवा. काचेपलीकडून रेकॉर्डिंगवाला फार अदबीने म्हणाला, "जरा थांबू या का, काका?" ती अदब भोंग्याला थोबाडीत मारल्यासारखी लागली.

त्याने माईक स्टुलावर ठेवला आणि बाहेर जिन्यात जाऊन बसला. मागच्या आठवड्यात तालमीला लागलेला सूर आज जातोच कसा? घशात काही वाईट तर नाही ना? बायकोला काय सांगायचं? आणि माईक तर ठेवून झाला होता. शब्द म्हणजे शब्द. दुसरा गाणारा शोधा म्हणून सांगायचं, एवढंच बाकी होतं. त्याला रडू फुटलं.

ठोक्या चहाचे दोन कप घेऊन आला आणि शेजारी टेकला.

"मास्तरच्याने सांगवत नाहीये, म्हणून मी सांगतो. तुझा आवाज आज गेला नाही."

"मग?"

"जाऊन बरीच वर्षं झाली."

भोंग्याने हातातला कप पायरीवर ठेवला.

"तुला एकदा ते जबरी पडसं झालं होतं ना, तेव्हा मास्तरने तारा जरा उतरवल्या, म्हणजे गाणंच खाली आलं आणि तुझा वरचा सूरही. म्हणाला, बरा होईपर्यंत. पडसं गेलं, तारा काही चढल्या नाहीत. मग आणखी उतरवल्या. तू यायच्या आत उरकायचो. तू ते माईक ठेवीन, माईक ठेवीन करून बसलेला! तुला घालवून काय आम्ही भजी तळायची होती? पण पियानोच्या तारा कशा उतरवणार? तूच धोंडा मारून घेतलास पायावर."

भोंगा ताडकन उठला. चहा पायऱ्यांवर सांडला. दार ढकलून तो आत ओरडला, "चोर आहात लेको! इतकी वर्षं मला उल्लू बनवलंत!"

मास्तर मान खाली घालून उभा. आणि बोलला कोण, तर मौनी.

"मला उतरवलेल्याच तारा बऱ्या. सांधे दुखतात माझे. मीही कुणाला बोललो नाही."

वर्षाचा कोटाच संपला त्याचा. मग ठोक्या कबूल झाला, "खांदा धरतो म्हणून मी पण वेग कमी केलाय. कधीचाच."

"काय?" मास्तर किंचाळला. "आणि मी समजत होतो माझी बोटं सुधारली!"

भोंगाच आधी फुटला. पोट धरून हसला, खोकला, परत हसला. जीव भांड्यात पडला होता त्याचा. रोग नाही, राई नाही, नुसतं वय! आणि तेही सगळ्यांचंच.

"पण मला कुणी सांगायचं तरी," मास्तरची मुलगी वैतागून म्हणाली. "तारा कशाला उतरवायला हव्यात? मी खालच्या पट्टीतून वाजवते की. काका, किती खाली घेऊ?"

सगळे भोंग्याकडे बघू लागले. हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारलाच नव्हता. त्याने चष्मा पुसला, परत पुसला.

"नेहमी घेता त्याच्याही खाली घ्या," तो म्हणाला. "नेहमीच्यालाही दम लागतो मला."

आणि स्टुलावरचा माईक त्याने उचलला. शब्द मोडला तो मोडला.

सूर पहिल्या फटक्यात लागला. उंच नव्हता, खुर्च्यांवर कुणी चढलं नसतं, पण भरलेला होता. त्यात कुठेही ओढाताण नव्हती. काचेपलीकडचा माणूस गाणं संपल्यावरही बटण दाबायचं विसरला.

गिटार पेटीत ठेवताना मास्तर डोळे पुसत पुटपुटला, "सुटलो बाबा. दर कार्यक्रमाला तासभर आधी धावत सुटायचो. आता तुझ्याबरोबरच येईन."

"ये की," भोंगा म्हणाला. "आणि तारा माझ्यासमोर उतरव."