मेजरांचा वाळूतला किल्ला

आमच्याकडे पलटणीतून परत आलेला प्रत्येक माणूस मेजर असतो. नायक म्हणून निवृत्त होवो की हवालदार म्हणून, गावात पाऊल टाकलं की बढती पक्की. मलकापुरातल्या आमच्या गल्लीतले मेजर तर ही बढती मनापासून निभावत. शिट्टी कायम गळ्यात. नळाला पाणी आलं की शिट्टी, कचरागाडी आली की शिट्टी. मी सांगलीकडून लग्न होऊन आले, तेव्हा पहिल्याच सकाळी मला वाटलं की गल्लीत चोर शिरलाय.

दरवर्षी ऊस कारखान्याला गेला की मेजर गल्लीची एक दिवसाची सहल काढत आणि ती दरवर्षी हर्णैलाच जाई. का, तर तिथे समुद्रात किल्ला आहे. गाडीत बसण्याआधी हजेरी. "सांगलीकर, लेट हाय तुमी. लढाई थांबत न्हाई कुनासाठी!" लढाई थांबत नसेल, पण आमची गाडी कुंभार्ली घाटापर्यंत प्रत्येक टपरीवर थांबे, कारण मेजरांना चहा लागे.

गंमत म्हणजे इतक्या सहली झाल्या तरी आमच्यातलं कुणीही त्या किल्ल्यात गेलं नव्हतं. तिथे जायला होडी लागते आणि मेजरांना पाण्याची भीती. कृष्णा-कोयनेच्या काठी वाढलेला, वाळवंटात आणि बर्फात नोकरी केलेला माणूस, पण पाण्यात पाऊल बुडवत नसे. हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं आणि त्यांच्यासमोर कुणी बोलत नव्हतं. मेजर होडीभोवती फिरत, सैन्यभरतीला आलेल्या पोराची छाती ठोकावी तशी फळ्यांवर काठी ठोकत आणि निकाल देत. एका वर्षी वारा उलटा होता. पुढच्या वर्षी होडी डावीकडे कलत होती. एकदा तर होडीवाला तंबाखू खातो म्हणून होडी नापास झाली.

मग किनाऱ्यावर वर्ग भरे. पलटणीत हल्ल्याआधी वाळूत सगळा मुलूख मांडून दाखवतात म्हणे. मेजर तेच करत. आमच्या भाकरी-खर्ड्याची पंगत बाजूला सरकवून ओल्या वाळूचे बुरूज उठत, शिंपल्यांच्या तोफा लागत. "किल्ला भाईरनंच समजतो. आत काय, दगडंच!" आम्ही माना डोलवायचो. फक्त त्यांची बायको, आमची काकी, एकदा म्हणाली, "आवं, पर खरा समोरच हाय की!" मेजरांनी तिला गप्प बसवलं आणि पुढचा बुरूज घेतला.

काकीला किल्ल्यात जायचं होतं. मेजर सीमेवर असताना ऊस, म्हशी, सासू-सासरे, सगळं तिनं एकटीनं ओढलं आणि जन्मात नवऱ्याकडे मागितलं ते एवढंच. गेल्या सहलीला गाडी सुरू होताच तिनं सांगून टाकलं, "डाक्टर म्हनतोय गुडघं संपल्यात. औंदा मी आत जानार." मेजर खिडकीबाहेर बघत बसले. त्या दिवशी चहालाही गाडी थांबली नाही.

हर्णैला मात्र सगळं नेहमीसारखं झालं. होडी नापास झाली, वर्ग भरला, बुरूज उठू लागले. मला मनातून फार राग आला होता. तेवढ्यात काकी उठली, साडी खोचली आणि त्या वाळूच्या तटावरूनच चालत निघाली. मी तिच्यामागे धावले. मेजरांनी शिट्टी फुंकली. त्या शिट्टीला आमच्या गल्लीतली कुत्रीसुद्धा थांबतात. काकी थांबली नाही. होडीत बसून तिनं हाक दिली, "येताय न्हवं?" मेजर कोरड्या वाळूत उभे होते.

किल्ल्यात रान माजलेलं, भिंती पडलेल्या. काकी माझ्या खांद्याला धरून कण्हत, हसत सगळीकडे फिरली. भिंतीला हात लावून म्हणाली, "लय मोठा हाय गं." तिला इतकं खुशीत मी कधी पाहिलं नव्हतं.

परत येताना काठ जवळ आला आणि होडीवाल्यानं वल्हं थांबवून समोर बोट केलं. मेजर गुडघाभर पाण्यात उभे होते. इस्त्रीची पँट भिजलेली, काठी रुतवलेली, चेहरा पांढराफटक. लाट आली की डोळे गच्च मिटत, पण मागे सरकत नव्हते. काकीला उतरायला त्यांनीच हात दिला. दोघांत कोण कुणाला धरून होतं, देव जाणे.

"काय हाय आत?" त्यांनी दरडावून विचारलं.

"दगडंच की," काकी म्हणाली. "तुमी म्हनत व्हता तसंच."

यंदा मेजर गेले. शोकसभेला माजी सैनिक जमले. वाळवंट झालं, बर्फ झालं. भाषणागणिक शौर्य वाढत गेलं आणि शेवटच्या वक्त्यानं तर स्वतः मेजरांनीही कधी न सांगितलेली एक चकमक त्यांच्या नावावर जमा केली. काकी पदर तोंडाला लावून सगळं ऐकत होती. मग माझ्याकडे वाकली.

"ह्ये समदं सरकारसाठी गं," ती म्हणाली. "पान्यात उतरलं, ते माज्यासाठी."