आमच्या फर्मचं तारेचं नाव

चहाचा कप आधी खाली ठेवा. माझ्या हातून एक धडधाकट बाई तारेनं कशी मारली गेली ते सांगतो, आणि ती बाई माझी सख्खी सासू होती.

सत्तर सालानंतरची गोष्ट. मी नोकरी सोडून संत्र्याच्या धंद्यात पडलो होतो. भागीदार कोण, तर बायकोचे मोठे भाऊ, मारोतभाऊ. काटोलजवळच्या खेड्यात त्यांची बाग. माल त्यांनी काढायचा, आणि नागपूरच्या इतवारीत एक खोली घेऊन कलकत्त्याच्या, दिल्लीच्या व्यापाऱ्यांशी बोलणी मी करायची. कारण मी शिकलेला ना.

आता फोन तेव्हा होता कोणाकडे? धंदा चालायचा तारेवर. मोठ्या व्यापाऱ्यांच्या कागदावर कोपऱ्यात एकच शब्द छापलेला असे, तारेचा पत्ता. तो शब्द आणि पुढे नागपूर एवढं लिहिलं की तार थेट दुकानात. हा शब्द तारघरात नोंदवावा लागे, आणि एका शहरात एक शब्द एकालाच. ज्यानं आधी घेतला त्याचा.

मी ऐटीत तारघरात गेलो. म्हटलं, "ऑरेंज लिहा." खिडकीतले बाबू दक्षिणेकडचे होते. मान न उचलता म्हणाले, "गया." संत्रा? "वो तो पहले ही गया." नागपुरी, गोल्डन, अमृत, सगळे गेलेले. घरी येऊन मी जेवताना शब्द, झोपताना शब्द. बायको म्हणाली, "पोराचं नाव ठेवाले इतका वेळ नव्हता लावला तुमी."

आणि एका सकाळी दाढी करताना सुचलं. मारोतीमधला 'मार' आणि माझ्या नारायणमधला 'नार'. इंग्रजी अक्षरांत लिहून पाहिलं. एम ए आर एन ए आर. मार्नर. वा, काय भारदस्त. एखादी विलायती कंपनीच जशी. धावत तारघर गाठलं. बाबूंनी रजिस्टर पाहिलं आणि म्हणाले, "ये किसी ने नहीं लिया."

मला त्याचा इतका आनंद झाला, की मारोतभाऊंना कळवायचंही राहून गेलं. कोणी का घेतला नसेल, हा प्रश्न माझ्या शिकलेल्या डोक्यात आला नाही.

त्याच सुमारास सासूबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्या प्रताप नगरच्या घरी आल्या. ऑपरेशन उत्तम झालं. डॉक्टर म्हणाले, मंगळवारी गावी न्यायला हरकत नाही. काटोलच्या स्टँडवर बैलबंडी यायला हवी, म्हणून मारोतभाऊंना कळवायचं होतं.

बायको म्हणाली, "अवो, बसच्या कंडक्टरजवळ निरोप द्या ना. तो ओळखते दादाले."

"आपली फर्म आहे," मी म्हटलं. "फर्म असताना कंडक्टर काहून?"

गेलो आणि तार केली. तारेत शब्दाला पैसे, तेव्हा इंग्रजी अक्षरांत शब्द मोजून मापून. आई. मंगळवार. आणि खाली फर्मचं नाव. 'येणार' हा शब्द मी वाचवला. म्हटलं, तेवढं कळतंच की माणसाला.

रविवारी दुपारी इतवारीतून सायकलनं घरी आलो, तर दारात संत्र्याचा ट्रक येऊन थांबत होता. ट्रकमध्ये संत्री नव्हती, माणसं होती. बाया तोंडाला पदर लावून रडत होत्या. मारोतभाऊ खाली उतरत होते, डोळे लाल.

मला एकच कळलं, की मी बाहेर गेलो आणि इकडे आई गेली. यांना खबर कशी लागली, इतक्या लवकर ट्रक कसा आला, हे विचारायचं भान कोणाला? सायकल तशीच टाकली आणि भाऊंच्या गळ्यात पडलो.

"भाऊ, सकाळी माझ्या हातचा चहा पिल्या हो त्या," मी रडत म्हणालो.

भाऊ एकदम मागे सरले. "म्हंजे गेली? आजच?" त्यांनी बोटांवर वार मोजले. "मंगळवार तं अजून परवा आहे."

ट्रकमधून मोठा हंबरडा उठला. शेजारपाजारचे लोक बाहेर आले. आणि आमच्या घराचं दार उघडून, एका डोळ्यावर हिरवी पट्टी बांधलेल्या सासूबाई बायकोचा हात धरून ओट्यावर आल्या.

"कोन गेलं गा मारोती?" त्यांनी विचारलं.

ट्रकमधल्या एका म्हाताऱ्या काकू म्हणाल्या, "तूच."

सासूबाई हळूच ओट्यावर बसल्या. "मी? मले तं कोनी सांगतलं नाही."

भाऊंनी खिशातून तार काढली. गावात तार वाचून दाखवली होती शाळेच्या मास्तरांनी, आणि तारेत जे लिहिलं होतं तेच त्यांनी वाचलं. आई मंगळवार मरनार. आमच्याकडे मरणारमधला 'ण' म्हणतो कोण? स्पेलिंगसुद्धा आमच्याच बोलीतलं निघालं.

"पन दादा, वार आधी कसा कळंल कोनाले?" बायकोनं विचारलं.

"आमाले वाटलं, नागपूरचे डाक्टर मोठे असतात," भाऊ म्हणाले. "सांगत असतील वार."

मी घसा साफ केला. "भाऊ, ते आपल्या फर्मचं नाव आहे. मार्नर. अर्धं तुमचं, अर्धं माझं."

भाऊंनी तार डोळ्यांजवळ नेली. ओठ हलवत एकेक अक्षर पुन्हा वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. आजारी माणसाकडे पाहतात तसं पाहिलं.

"अन् हे तुमाले आवडलं?" ते म्हणाले.

त्या दिवशी ट्रकभर माणसांना बायकोनं पिठलं-भाकरी करून घातली. माझ्या ताटात भाकरी लांबूनच टाकली. सासूबाईंनी जाहीर केलं, की मंगळवारी त्या घराचा उंबरठा ओलांडणार नाहीत, आणि जवाईबापूंनी त्यांच्याबद्दल यापुढे कोणालाही काही कळवू नये.

सोमवारी उघडताक्षणी तारघरात जाऊन नाव बदलायला सांगितलं. बाबूंना आश्चर्य वाटलं. "क्यों? अच्छा तो था." मी म्हटलं, "घरवालों को पसंद नहीं." त्यांनी नवा शब्द लिहून घेतला. साधा होता, देवाचा होता, कोणाला काही होणार नाही असा होता. धंदाही पुढे बरा चालला.

पण सासरी तो नवा शब्द कोणाच्या लक्षात राहिला नाही. आजही मी त्या गावात बसमधून उतरलो, की पारावरचं कोणीतरी उठून भाऊंच्या दारात वर्दी देतं, "वहिनी, मरनार आले वो."

आणि आतून वहिनींचा आवाज येतो, "बसवा त्याईले. चहा ठेवते."