दुपटीची चूक

शिशाचे दोन अणुगर्भ एकमेकांवर आदळले की क्षणभर एक तापलेला रस्सा तयार होतो. त्यातून निसटणारा कण वाटेत किती ऊर्जा गमावतो, हे काढणारा प्रोग्राम बर्गनच्या तूरिद हाउकेलान्डने लिहिला होता. अकरा वर्षं खपून, तेही दोन-दोन वर्षांच्या करारांवर. आता विभागात एक कायमची जागा निघाली होती आणि शुक्रवारी मुलाखत होती. पन्नाशीला टेकलेल्या बाईला पुन्हा कोण विचारतो?

सोमवारी तिला स्वतःच्याच प्रोग्राममध्ये चूक सापडली. कण त्या रश्शाच्या गोळ्यातून आरपार जातो, तिथे व्यासाऐवजी त्रिज्या घातलेली. वाट निम्मी झाली, म्हणून ऊर्जा गमावण्याचा दर दुप्पट फुगवून प्रयोगाशी जुळवलेला. आलेख देखणे, आकडा खोटा.

गप्प बसली असती तर कोणाच्या बापाला कळलं नसतं. पण या गटाचा रिवाजच होता, की ज्याची चूक त्याने केक आणायचा आणि ती सगळ्यांसमोर सांगायची. तूरिदने बदामाचा केक केला आणि बुधवारी कॉफीच्या वेळी फळ्यावर सगळं मांडलं. मला विचाराल तर बाई वेडी होती.

"अगं, ही तर मला दोन वर्षांपूर्वीच दिसली होती," सिंद्रे भरल्या तोंडाने म्हणाला. तो तिच्याच हाताखाली शिकलेला, आणि आता त्याच जागेचा दुसरा उमेदवार.

"मग बोलला का नाहीस रे?"

"बोलणार होतो ना. शुक्रवारी, मुलाखतीत!"

सगळे हसले. तीही हसली.

विभागप्रमुख तूरलैफने दुसरा तुकडा घेतला. "तुझा प्रामाणिकपणा खरंच मोठा, तूरिद," तो म्हणाला, आणि जागा गेली हे तिने तिथेच ओळखलं.

गेलीच. सिंद्रे कायम झाला. तूरिदच्या कराराचे सहा महिने उरले होते. तेवढ्यात तिने प्रोग्राम दुरुस्त करून त्याच्या हवाली करायचा, असं ठरलं. तिने केला, ओळ न् ओळ समजावून.

मे महिन्यात बाहेरगावचे पाहुणे आले. सिंद्रे भाषणात म्हणाला, "इथे आमच्याकडून एक तूरिद झाला होता." खोलीत खसखस पिकली.

"तूरिद म्हणजे?" एका पाहुणीने विचारलं.

"दुपटीची चूक. आमच्याकडे तसंच म्हणतात."

पाहुणीला शब्द फार आवडला. तिने वही उघडली आणि शेजारच्या बाईकडे झुकून हळूच विचारलं, "कसा लिहितात हो?"

तूरिदने एकेक अक्षर सांगितलं.