आईचे काळे दात

माझ्या आईचे दात काळे होते. किडके नव्हते, मुद्दाम काळे केलेले होते. लग्न झालेल्या बाईने हिरडा आणि हिराकस कुटून केलेलं दातवण दातांना चोळायचं आणि ते जांभळासारखे काळेभोर ठेवायचे, ही जुनी रीत आमच्या चांद्याकडच्या गावात स्वातंत्र्यानंतरही टिकून होती. आई हसली की मला ती जगातली सगळ्यांत देखणी बाई वाटायची. आता कुणाला सांगितलं तर तोंड वाकडं करतात. करोत बापडे.

वडील बल्लारशाला लाकडाच्या डेपोवर चौकीदार होते. महिन्या-दोन महिन्यांनी घरी यायचे आणि लगेच परतायचे. धानाची बांधी, म्हणजे भाताचं खाचर, आणि घर आई आणि आत्या मिळून सांभाळायच्या. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण, तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. एका खेपेला वडिलांनी बातमी आणली, डेपोजवळ खोली मिळते आहे, पुढच्या खेपेला आईला आणि मला घेऊन जायचं. आईचा आनंद गगनात मावेना. मग वडील जरा घुटमळले.

"पण तुये दात पांढरे कर. तिथच्या बाया हासतेत. एका चपराशाची बायको अशीच आली होती, तं बिचारी घराबाहेर निघत नाई. तुयी तशी गत मले पाहाची नाई."

मला त्यांचा राग आला. आईला आला नाही. तिला नवऱ्याजवळ राहायचं होतं, बाकी कशाचं तिला काही नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी ती विटेची भुकटी घेऊन बसली. हिरड्यांतून रक्त आलं, काळा रंग मात्र ढिम्म हलेना. आत्याने ते पाहिलं आणि वाटी हिसकावून अंगणात भिरकावली.

"काऊन वं, माया भाऊ जिता हाये ना? मंग दात कायले पांढरे करून राह्यली?"

कारण आमच्याकडे पांढरे दात विधवेचे. नवरा गेला की दातवण बंद.

आई खाली मान घालून म्हणाली, "बाई, त्याईनंच सांगतलं. नाई केले तं मले इथीच ठेवतीन."

आत्याने अबोला धरला. भावाच्या जिवाला काही होईल ही तिची धास्ती खरी होती, त्यात दुष्टपणा नव्हता. इकडे आई गोठ्यामागे जाऊन चोरून घासत राहिली. तिचे ओठ सुजले, जेवताना डोळ्यांत पाणी येऊ लागलं. ते काही आत्याला बघवेना. एका सकाळी तिने चिंचेचा कोळ काढला, बाभळीचा कोळसा कुटून वस्त्रगाळ केला, त्यात मीठ टाकलं आणि आईला समोर बसवलं.

"आ कर."

बोटाला फडकं गुंडाळून ती एकेक दात चोळू लागली, इतक्या हळू, जणू तान्ह्या पोराचं तोंड पुसते आहे. मध्येच म्हणाली, "माये तं तळ्यावर रेतीनं घासले होते. बायाईनं हात धरून ठेवले. रडू बी देल्लं नाई."

आईच्या उघड्या तोंडातून हुंदका फुटला. "रड," आत्या म्हणाली, "पण तोंड नको मिटू."

मग रोज सकाळी हेच. दात आंबून आईला भाकर चावेना, ती पेजेवर राहिली. काळ्याचा राखाडी रंग झाला, राखाडीचा पिवळट, आणि वडील यायच्या दिवसापर्यंत दात बऱ्यापैकी पांढरे झाले.

त्या सकाळी आत्याने शेवटचा हात फिरवला. आईने चुळा भरल्या, तोंड खळखळून धुतलं, पदराने पुसलं आणि आत्याकडे बघून हसली. आत्याचा चेहरा एकदम उतरला. धुताना आईचं कुंकू पार पुसलं गेलं होतं. मोकळं कपाळ आणि पांढरे दात. आत्यासमोर आत्याच बसली होती.

"कुंकू कुठी हाये वं तुयं? लवकर!"

आई उठेपर्यंतही तिला धीर धरवेना. ती स्वतःच घरात धावली, करंडा घेऊन आली. विधवा झाल्यापासून जिला कुणी करंड्याला हात लावू दिला नव्हता, त्या माझ्या आत्याने घाईघाईने आईच्या कपाळावर भलंमोठं, वाकडंतिकडं कुंकू लावलं. आईने ते दिवसभर नीट केलं नाही.

संध्याकाळी वडील आले. आईकडे बघून हसले. "असं कसं वाकडं कुंकू लावलं?"

"बाईनं लावलं," आई म्हणाली.

वडिलांनी बहिणीकडे पाहिलं. ती चुलीकडे तोंड करून बसली होती. ते तिच्याजवळ जाऊन बसले, आणि दातांचं विचारायचं त्यांना सुचलंच नाही.