तीस माणसं, एक जहाज आणि देवाजीभाऊंचा नारळ

"नारियल अंदर नहीं जाएगा," गेटवरचा सिक्युरिटीवाला तिसऱ्यांदा म्हणाला.

"मंग मीबी नाई जात," देवाजीभाऊ म्हणाले आणि बंदराच्या भिंतीलगतच्या कठड्यावर जाऊन बसले.

दुपारचा पाऊण वाजला होता. जागा चेन्नईची. जहाज पाचला सुटणार होतं, पण चेक-इन तीनला बंद होणार होतं. चेक-इन म्हणजे कागद दाखवायचे, फोटो काढायचा आणि खोलीचं कार्ड घ्यायचं. ते एकदा बंद झालं की संपलं. जहाजाला एसटीसारखा हात दाखवता येत नाही.

मी चंद्रपूरच्या एका ट्रॅव्हल ऑफिसात ग्रुप टूर आखते. आमचे मालक नागपूरला बसतात आणि फोनवर घाबरतात. बाकी सगळं मी बघते. इतक्या वर्षांत माझ्या ग्रुपमधलं एकही माणूस मागे राहिलं नाही, आणि याचा मला गर्व आहे. तो मी लपवत नाही.

हा ग्रुप आरमोरीजवळच्या एका गावातला, तलावात आणि वैनगंगेत मासेमारी करणाऱ्या लोकांच्या संस्थेचा. एकूण तीस माणसं, बहुतेक साठीच्या पुढची. देवाजीभाऊ सत्तरी ओलांडलेले, संस्थेचे जुने अध्यक्ष. धानाची मळणी आटोपली की निघायचं, हे त्यांनीच ठरवलं होतं. पहिल्या भेटीत मी त्यांच्यापुढे चार रंगीत पत्रकं ठेवली. त्यांनी ती बाजूला सारली.

"बाई, आमची वैनगंगा जाते कुठी, थे दाखवा."

मला हा माणूस तिथेच आवडला. वैनगंगा पुढे प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात जाते. म्हणून मी टूर उलटी आखली. बल्लारशाहून रेल्वेने थेट चेन्नई. तिथून जहाजाने दोन रात्री विशाखापट्टणम. मग बसने राजमहेंद्री, भद्राचलम, काळेश्वर करत पूल ओलांडून सिरोंचा, आणि अहेरी, गडचिरोलीवरून घरी. समुद्रापासून नदीच्या कडेकडेने गावापर्यंत. आमच्या धंद्यात याला क्रूझ आणि ओव्हरलँडचं कॉम्बिनेशन म्हणतात.

अशा टूरमध्ये शक्यतो जहाज आधी ठेवायचं आणि बस नंतर, कारण बस आपली वाट पाहते. शिवाय जहाजाच्या आदल्या दिवशीच त्या गावात पोचायचं. त्या मोकळ्या दिवसाला बफर डे म्हणतात. रेल्वे सहा तास लेट झाली तरी जीव टांगणीला लागत नाही. मी सगळं नियमाप्रमाणे केलं होतं. खोल्या जहाजाच्या मधल्या भागात घेतल्या, कारण तिथे हेलकावे कमी बसतात. भात तिन्ही वेळा मिळेल हे लिहून घेतलं होतं. "तीसही जण एकाच हॉलमंदी झोपू, वेगळ्या खोल्या काऊन पायजे?" या प्रश्नाचं उत्तर पाच वेळा दिलं होतं.

चूक केली ती बफर डेला. संध्याकाळी देवाजीभाऊंनी विचारलं होतं, "बाई, समुद्रावर जाऊन येऊ का जी?" मी म्हटलं, "भाऊ, उद्यापासून दोन दिवस समुद्रच बघायचाय. आज पाय पसरून झोपा." सगळे मुकाट्याने झोपले. मी स्वतःवरच खूश होते.

आता गेटवर मी सिंधूबाईंकडे पाहिलं. त्या संस्थेच्या सचिव. पन्नाशीच्या, नववी शिकलेल्या आणि हिशोबात मला गुंडाळतील अशा.

"सिंधूबाई, एका नारळासाठी भाऊ असे काऊन अडून बसले?"

"नारळाचं नाई मॅडम. आमच्यात डोंग्यात पाय ठेवाच्या पयले पान्याले हात लावा लागते. नारळ वाहा लागते. थे मुख्य मानूस करते. त्यानं केल्याबिगर कोनी चढत नाई."

"कोणीच नाही?"

"मीबी नाई," त्या शांतपणे म्हणाल्या.

म्हणजे प्रश्न एका माणसाचा नव्हता, तीसच्या तीस माणसांचा होता. मी घरची बौद्ध. वडील राजुऱ्याकडच्या कोळसा खाणीत कामाला होते. आमच्या घरात नारळ फुटायचा तो चटणीसाठी. पण गिऱ्हाइकाची श्रद्धा हा माझ्या वादाचा विषय नाही, माझ्या कामाचा आहे.

मी जहाज कंपनीच्या माणसाला गाठलं. धक्क्यावर उतरून पाण्याला हात लावता येईल का, असं विचारलं. तो भला माणूस होता. हसला नाही. म्हणाला, "मॅडम, धक्का पाण्यापासून दोन माणसं उंच आहे. आणि बंदरात असं कोणालाच सोडत नाहीत." जहाजावरून नारळ टाकता येईल का? अजिबात नाही. समुद्रात काहीही टाकायला मनाई होती.

तेवढ्यात मालकांचा फोन आला.

"मॅडम, चढले का सगळे?"

मी परिस्थिती सांगितली.

"अरे बाप रे! मग त्या बुढ्याले तिथीच सोडा ना. हॉटेलात ठेवा. बाकीचे एकोणतीस घेऊन चढा."

"सर, ते चढले नाहीत तर कोणीच चढणार नाही. आणि चढणार असते, तरी मी त्यांना सोडलं नसतं."

"मग आता काय करून राह्यल्या तुम्ही?"

"काम," मी म्हटलं आणि फोन ठेवला. मालकांशी असं बोलता येतं, फक्त टूर परत आणून दाखवावी लागते.

एक वाजून गेला होता. जवळच्या बीचवर रिक्षाने वीस-पंचवीस मिनिटं. यायला तेवढीच, ट्रॅफिक धरून जास्त. वेळ होता, पण उदार व्हावं इतका नव्हता. आणि तीस माणसं काही रिक्षाने नेता येत नाहीत.

मी देवाजीभाऊंसमोर उभी राहिले. "भाऊ, एक सांगा. नाव लागते त्या घाटावर उभं राहिलं, तर नावेत पाय ठेवला असं होतं का?"

"घाट म्हंजे घाट. नाव म्हंजे नाव."

"मग ऐका. ही समोरची इमारत म्हणजे घाट. इथे कागद दाखवायचे, कार्ड घ्यायचं. जहाजाची शिडी त्याच्या पलीकडे आहे. बाकीच्यांनी इमारतीत जाऊन कागद करून घ्यावे आणि शिडीअलीकडे बसावं. तुम्ही आणि मी समुद्रावर जाऊन येऊ."

भाऊंनी सिंधूबाईंकडे पाहिलं. सिंधूबाईंनी मान हलवली. मी तीसही जणांच्या कागदांची फाईल त्यांच्या हातात दिली. आमच्या धंद्यात ती फाईल कोणाला देत नाहीत. देताना माझा हात जरा जड झाला, हे कबूल करते.

"चिंता नका करू मॅडम," त्या म्हणाल्या. "मी या सगळ्यायले मोजूनच बसवतो."

रिक्षावाल्याला हिंदी येत नव्हतं. राजुऱ्यात वाढल्याचा फायदा म्हणजे तेलुगू. त्याला तेलुगू येत होतं. तीनच्या आत परत आणायचं, असं त्याला सांगितलं. तो म्हणाला, आणतो. पुढची वीस मिनिटं मी मागच्या सीटवर दांडी घट्ट धरून बसले.

रस्त्यात मी विचारलं, "भाऊ, काल तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"तुमी म्हनल्या झोपा. मले वाटलं, जहाजाजवळ पानी राहीनच."

बरोबरच होतं. ज्याने जन्मभर घाटावरून डोंग्यात पाय ठेवला, त्याला पाण्याला हात न लागणारी नाव सुचणार कशी?

थोड्या वेळाने ते आपणहून म्हणाले, "एक डाव म्यां घाई केली होती बाई. पुराचं पानी होतं. नारळ मंग वाहू म्हनलं. त्या दिवशी डोंगा पलटला. लहाना भाऊ गेला माझा." ते रस्त्याकडे बघत होते. "नारळानं वाचला असता असं नाई म्हनत मी. पन आता तीस घरचे लोक माझ्या भरोशावर आले."

काल संध्याकाळी मी त्यांना झोपायला लावलं, याची लाज वाटली, आणि मी रिक्षावाल्याला आणखी जोरात घ्यायला सांगितलं.

बीचवर वाळू लांबलचक होती. भाऊ चपला हातात घेऊन, धोतर सावरत माझ्यापुढे चालत सुटले. पाण्याजवळ थांबले, वाकले, दोन्ही हात पाण्याला लावले आणि कपाळाला लावले. नारळ ठेवला. लाटेने तो परत त्यांच्या पायाशी आणला. त्यांनी पुन्हा ठेवला. तिसऱ्यांदा तो गेला. मग त्यांनी ओला तळवा जिभेला लावला.

"बाई, हे आपलंच पानी व्हय ना? मंग खारट कसं झालं?"

गोदावरीचं मुख तिथून कितीतरी वर उत्तरेला आहे, हे सांगायची ती वेळ नव्हती. मी म्हटलं, "हो भाऊ, आपलंच."

परतताना एका चौकात आम्ही अडकलो. मी घड्याळ पाहणं सोडून दिलं होतं. भाऊ मात्र निवांत होते, गुणगुणत होते. गेटवर उतरलो तेव्हा तीनला अकरा मिनिटं होती. मी सत्तरीच्या माणसाचा हात धरून पळाले, आणि तो माझ्यापेक्षा जोरात पळाला.

आत एकोणतीस माणसं शिडीअलीकडच्या खुर्च्यांवर रांगेत बसली होती. गळ्यात कार्ड, मांडीवर हात. शिडीवर एकही जण नाही. कंपनीचे लोक दीड तास त्यांना "चढा, वर जेवण आहे" म्हणून विनवत होते, असं नंतर कळलं. उपाशी बसले, पण कोणी हललं नाही. दोघांच्या कागदांची अदलाबदल झाली होती, ती सिंधूबाईंनीच पकडली होती.

भाऊंचा फोटो झाला. कार्ड मिळालं. ते शिडीपाशी गेले, उजवा पाय ठेवला आणि वळून म्हणाले, "चला."

जहाज वेळेवर सुटलं. आम्ही एकतीस जण त्यावर होतो आणि नऊ दिवसांनी एकतीसच जण आरमोरीला उतरलो. मालकांनी फोनवर "मले मालूमच होतं," असं म्हटलं.

आता नवा ग्रुप आला की मी पहिला प्रश्न विचारते: घरून निघताना, गाडीत बसताना, पाणी ओलांडताना तुमच्याकडे काय करतात? लोक चकित होतात, मग भरभरून सांगतात. त्यातलं निम्मं मी टूरमध्ये बसवते. कोणाला काय खायला लागतं हे तर प्रत्येक टूरवाला विचारतो. कोण कशाला घाबरतं हे विचारायला मी उशिरा शिकले, आणि ते मला एका म्हाताऱ्या माणसाने बंदराच्या कठड्यावर बसून शिकवलं.