मॉनिटरवर धरलेली पट्टी

पहिला मॉनिटर मी तिसऱ्या दिवशी परत पाठवला. कारण लिहायच्या जागी लिहिलं, 'रेषा वाकड्या दिसतात.' दुसरा आठवडाभर टिकला. तो परत न्यायला आलेल्या माणसाने खोकं उचलता उचलता विचारलं, "काय खराबी आहे, काका?" मी म्हणालो, "ज्यांनी बनवलाय त्यांना विचारा." माझा स्वभावच तसा आहे, त्याला आता इलाज नाही. बायको शाळेत शिकवते. तिला निघायची घाई होती, तरी दारात थांबून म्हणालीच, "अहो, उद्या पोरीसाठी स्थळं बघताना एवढी पारख कराल ना?"

मी ड्राफ्ट्समन. तीस वर्षं इमारतींचे नकाशे काढतोय, आधी बोर्डावर आणि मग कॉम्प्युटरवर. पार्किंगमधला खांब चार इंच सरकला की गाडी आत जात नाही, आणि आर्किटेक्टचा फोन मला येतो. रेष सरळ दिसणं हे माझं पोट आहे. ज्या साहेबांच्या हाताखाली शिकलो त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, रेष दोन डोळ्यांनी बघायची नाही. डावा मिटायचा आणि उजव्याने बघायचं, सुतार रंधा मारलेली फळी बघतो तसं. कॉम्प्युटरवर त्याची काही गरज नसते, पण डोळा मिटायची खोड राहिली ती राहिलीच.

आमच्याकडे मॉनिटर एक आणि गिऱ्हाइकं दोन. मुलगी खराडीला नोकरी करते, आठवड्यातले तीन दिवस घरूनच. दिवसा ती लॅपटॉपवर काम करते, मॉनिटर माझा. संध्याकाळी सहानंतर तिचे गेम, मग मी उठायचं. जुना मॉनिटर दोघांनाही पुरेना म्हणून नवा घ्यायचं ठरलं, आणि तिथून वाद. तिला बत्तीस इंची हवा होता, फोर के, एकशे चव्वेचाळीस हर्ट्झचा. हर्ट्झ म्हणजे चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं ते, हे तिने मला चारदा समजावलं. माझ्या भिंती जागच्या हलत नाहीत, मला काय करायचंय त्याचं? मला सत्तावीस इंची पुरे होता. बत्तीस इंच म्हणजे दिवसभर मान फिरवत बसा, टेनिसची मॅच बघतोय जसा काही.

दोन मॉनिटर परत गेल्यावर ती म्हणाली, "बाबा, आता दुकानात जाऊन डोळ्यांनी बघूनच घेऊ." टिळक रस्त्यावर एक दुकान आहे. मालक खुर्चीतून उठले नाहीत, नुसती मान हलवून तीन मॉनिटर लावायला सांगितले. शेजारी एक वक्र पडद्याचा होता. मी म्हटलं, "हा उचला आधी. त्यावर भिंत काढली तर घर गोल होईल." मग मी माझा पेनड्राइव्ह दिला. त्यात माझी तपासायची फाइल होती, नुसते बारीक चौकोन, वहीच्या आलेखाच्या पानासारखे.

पहिल्यावर मधले चौकोन चुरगळलेले दिसले. "हा वाकडा," मी म्हणालो. दुसऱ्यावर तेच. तिसऱ्यावर तेच.

मालक म्हणाले, "काका, तीन वेगळ्या कंपन्यांचे आहेत. तुम्ही येणार म्हणून ठरवून वाकडे झाले का?"

"बाबा, मला सरळ दिसतायत," मुलगी हळूच म्हणाली.

"तुला काय, गेम खेळण्यापुरतं दिसलं की झालं," मी फटकन बोललो. दुकानात, चार लोकांसमोर. तिचा चेहरा उतरला. ते मला आजही खातं.

मग मी पिशवीतून माझी स्टीलची पट्टी काढली. पहिल्या पगाराची पट्टी. तिच्यावर मी देवापेक्षा जास्त विश्वास ठेवलाय. "आता पुरावाच देतो," असं म्हणून ती बत्तीस इंची पडद्यावर एका रेषेला लावली आणि डावा डोळा मिटला.

रेष वाकडी होती. आणि पट्टीही वाकडी होती. सहा इंचाच्या खुणेपाशी खाली झुकलेली.

मी उजवा मिटला, डावा उघडला. सगळं सरळ. पट्टी, रेष, टेबलाची कड. पुन्हा डावा मिटला. पट्टी झुकली. परत पाठवलेले दोन्ही मॉनिटर चांगले होते, हे मला उभ्या उभ्या कळलं.

"काय काका, सापडला पुरावा?"

"सरळ आहे," मी म्हणालो. "हा मोठाच द्या."

"खरंच? बत्तीसवाला?" मुलीने माझा दंड धरला. रिक्षात खोकं आमच्या दोघांच्या मांडीवर होतं आणि स्वारगेटच्या सिग्नलपर्यंत ती अखंड बोलत होती. मला एक शब्द आठवत नाही.

घाबरलो होतो, दुसरं काय! ज्याला रेषा वाकड्या दिसतात त्याला नकाशा कोण देईल? आर्किटेक्टच्या कानावर गेलं तर संपलंच. मी स्वतःची समजूत घातली, चष्म्याचा नंबर वाढला असेल, हातातलं काम संपलं की दाखवू. ते संपलं की दुसरं येत होतं. एका डोळ्याने काम करता येतं, मॉनिटर मोठा असला की अजून सोपं जातं. उजव्या डोळ्यासमोर मधोमध एक राखाडी डाग आला, तरी मी गप्प. संध्याकाळी ती हाक मारायची, "बाबा, बघ ना, गवताचं पातं न् पातं दिसतंय." मी म्हणायचो, "फारच छान." मी आयुष्यात कशाला फारच छान म्हटलं नव्हतं.

एका दुपारी ती पाणी प्यायला उठली आणि मी तिला उजव्या डोळ्यावर तळहात दाबून काम करताना सापडलो.

"काय झालंय डोळ्याला?"

"कचरा गेलाय."

"सोमवारीही कचराच गेला होता ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला डोळ्यांच्या दवाखान्यात नेऊन बसवलं. डॉक्टरांनी एक कार्ड हातात दिलं. त्यावर बारीक चौकोन, मधोमध एक ठिपका. माझीच फाइल की हो! "एक डोळा मिटा आणि रेषा कशा दिसतात सांगा," त्या म्हणाल्या. मी सांगितलं. मग तपासण्या झाल्या. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला सूज होती, पाणी झिरपत होतं. डोळ्यात इंजेक्शनं घ्यावी लागणार होती.

"कधीपासून होतंय?"

"आठ-दहा दिवस," मी म्हणालो.

"आठ दिवसांचं दिसत नाही हे, काका."

मुलगी माझ्याकडे बघत होती. "दीड महिन्यापूर्वी, दुकानात," ती म्हणाली. "पट्टी लावलीस तेव्हा. आधी एक डोळा मिटलास, मग दुसरा. मग परत पहिला."

मी मान हलवली. डॉक्टरांनी कागदावरचं खोडून 'दीड महिना' लिहिलं. तेव्हाच आलो असतो तर बरीच नजर वाचली असती, आता आहे तेवढी टिकवायचा प्रयत्न करू, असं त्यांनी सांगितलं. आवाज न चढवता सांगितलं, त्याचाच जास्त त्रास झाला.

बाहेर बाकावर बसलो. आता ही मला फाडून खाणार, अशी माझी खात्री होती. स्वभाव माझाच घेतलाय तिने. पण ती पिशवीतले कागद नुसती वर-खाली करत राहिली.

"तू इतक्या पटकन कधीच हो म्हणत नाहीस," ती म्हणाली. "मला तेव्हाच वाटलं होतं, काहीतरी बिनसलंय. पण मला बत्तीस इंची हवा होता, बाबा. म्हणून मी विचारलं नाही."