करडईचं दूध

पंचवीस वर्षे मी जे सांगायचे टाळत आलो, त्याला एक वास आहे. भिजलेली करडई पाट्यावर वाटली जाताना उठणारा, कच्च्या शेंगदाण्याच्या जवळचा, पण त्याहून मंद आणि किंचित कडवट. माघातल्या कलत्या उन्हात वडीगोद्रीच्या आमच्या गल्लीत कुणाच्या अंगणातून तो आला, की मी चपला घालून बाहेर पडतो. लोकांना वाटते, मास्तरांना निवृत्तीनंतर फिरण्याचा छंद जडला.

तो वास मुळात वहिनींचा. थोरले बंधू गेले तेव्हा मी सातवीत होतो, आई त्याच्याही आधी गेलेली. ऐन तारुण्यात कपाळ रिते झालेल्या वहिनींनी मला वाढवले. घरी एक गाय होती, पण तिचे दूध सकाळ-संध्याकाळ हमरस्त्यावरच्या हॉटेलात जाई आणि त्यावर माझी वह्या-पुस्तके, पुढे अंबडचे वसतिगृह चाले. म्हणून सणाला आमच्याकडे खीर होई ती करडईच्या दुधाची. काट्याकाट्यांतून पिवळी-केशरी फुले मिरवणाऱ्या त्या पिकाच्या पांढऱ्याशुभ्र बिया वहिनी भिजवत, वाटत, पाणी घालून पंचातून पिळून काढत. आणि पातेल्यात जे उतरे, ते दिसायला इतके दुधासारखे असे, की लहानपणी मला ते एखाद्या वेगळ्याच, शांत जनावराचे दूध वाटे. शिजलेल्या खपली गव्हात गूळ विरघळला की ते दूध मंद आचेवर, ढवळत ढवळत, बारीक धारेने सोडायचे. गावात कुणाकडे कार्य निघाले की निरोप येई, "खिरीला वहिनीला बोलवा." विधवेला ज्या मांडवात मानाची जागा नव्हती, त्या मांडवामागच्या चुलीवर त्यांचे राज्य होते. तेवढेच होते. हे मला ठाऊक होते, आणि म्हणूनच पुढचे लिहिताना हात जड होतो.

माझी मुलगी वैशाली, तिला पाहायला संभाजीनगरहून पाहुणे येणार होते, त्या सकाळची गोष्ट. मी तोवर शाळेत मुख्याध्यापक झालो होतो, घराला स्लॅब पडला होता, गाय मात्र केव्हाच गेली होती. वहिनींनी पहाटेच करडई वाटून ठेवलेली. त्या पातेल्याकडे पाहताना मला एकाएकी लाज वाटली. शहरातली माणसे, त्यांच्या जिभेला लगेच कळेल. म्हणतील, मुख्याध्यापकाच्या घरी दुभते नाही, बिया पिळून खीर करतात. वहिनी लुगडे बदलायला आणि माझी पत्नी वैशालीला नेसवायला आत गेल्या होत्या. चुलीवर गूळ-गहू रटरटत होते. मी करडईचे दूध मोरीत ओतले आणि शेजारून मागून आणलेले म्हशीचे दूध, चांगला तांब्याभर, त्या कढत गुळात एकदम रिचवले.

ते क्षणात फाटले. पांढऱ्या गुठळ्या, त्यांभोवती पिवळसर पाणी, वर तुपाचे तवंग. मी रिकामा तांब्या फडताळामागे लपवला आणि बैठकीत येऊन नुकत्याच आलेल्या पाहुण्यांशी पाऊसपाण्यावर बोलू लागलो. किती सहज बोललो, ते अजून आठवते.

मुलाची आत्या स्वयंपाकघरात डोकावून आली. साऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अगं बाई, दूध नासलं! शुभाच्या कामाला चुलीपुढं कोणाला बसवलं होतं?"

वहिनी दाराच्या चौकटीआड होत्या. पदराचा काठ तेवढा दिसत होता.

"माझाच हात चुकला, माय," त्या म्हणाल्या.

मी खाली पाहिले. सतरंजीवरचा एक निघालेला धागा मी बोटाला गुंडाळत राहिलो, एवढे मला स्पष्ट आठवते.

पेढे आणून वेळ साजरी झाली, सोयरीकही जुळली. लग्नात वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, मी आपली मागं भांड्याकुंड्यांकडं बघते. पाहुण्यांना कशाला खटका?" मी म्हणालो, "बरं." ज्यांनी वैशालीला मांडीवर वाढवले, त्यांनी तिच्यावर पडणाऱ्या अक्षता भांड्यांच्या खोलीतून ऐकल्या. पुढे गावातले निरोप थांबले. शेजारची चंद्रकला आमच्याच ओट्यावर बसून हसत म्हणाली होती, "खिरीला वहिनी नको बया, दुधाला नजर लागती त्यांची." वहिनीही हसल्या. त्यानंतर त्यांनी खिरीचे पातेले कधी चुलीवर ठेवले नाही, आणि का ठेवत नाही असे मी कधी विचारले नाही.

गेल्या महिन्यात वैशालीच्या मुलीचा, इराचा, पुण्याहून फोन आला. डॉक्टरांनी तिचे दूध बंद केले आहे. ओटचे, बदामाचे, डब्यातले सगळे प्रकार तिने खिरीत घालून पाहिले, पण चव जमत नाही. "आजोबा, आई म्हणते मोठी आजी कसल्या तरी बियांचं दूध करायची. दे ना तिला फोन." मी फोन स्पीकरवर लावून वहिनींच्या बाजेवर ठेवला. पंच्याऐंशी वर्षांचा तो आवाज कृती सांगता सांगता उजळत गेला.

"अन् हे बघ पोरी, जल्दी करायची न्हाई. धार बारीक ठेव."

"आणि बाबांसाठी साधं दूध घातलं तर? त्यांना चालतं."

"गुळाच्या कढत खिरीत म्हशीचं दूध वतलं का फाटतंच. कसं फाटतं म्हायती का? गठुळे होत्यात, वर तूप सुटतं. करडईचं तसं न्हाई होत. माझ्या हातून येकदा बी न्हाई फाटलं."

"एकदाही नाही?"

"माझ्या हातून न्हाई," वहिनी म्हणाल्या, आणि खिडकीतून बाहेर पाहू लागल्या.

माझ्याकडे त्यांनी पाहिले नाही. पाहण्याची गरजच नव्हती. पातेल्यात डोकावताक्षणी त्यांना कळले असणार, दूध कुठले आणि हात कुणाचा. चौकटीआडून त्यांनी जे वाक्य उच्चारले, ते कबुलीचे नव्हते. लहानपणी माझ्या अंगावर पांघरूण ओढत, तसे ते त्यांनी माझ्यावर ओढले होते. आणि मी पंचवीस वर्षे त्याच्या उबेत निजलो.

म्हणून हे लिहीत आहे. लिहितानाही ठाऊक आहे, की वहिनींना अक्षरओळख नाही. ज्या एका माणसाला हे सांगायला हवे, ते सोडून बाकी सगळे हे वाचतील. माझ्या भित्रेपणाने शोधलेली ही आणखी एक वाट.

त्या आत्ता समोरच बाजेवर बसल्या आहेत. उन्हाची तिरीप त्यांच्या सुरकुतल्या हातांवर आली आहे, आणि सुपातली करडई त्या निवडत आहेत; इराकडे पाठवायची आहे ना. मघाशी त्यांनी मान वर केली.

"सकाळपासून काय लिहून राह्यले, भाऊजी?"

माझ्या ओठांवर सारे आले होते. म्हणालो, "खिरीची कृती, वहिनी. इरासाठी."

"मंग बराबर लिवा," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा सुपात वाकल्या.

बराबर लिहिले आहे, वहिनी. चुकलो, एवढा एक शब्द तुम्हाला वाचून दाखवायचा राहिला आहे.